जिरवलेलं पाणी कुणाच्या बापाचं?

मंडळी, कडू बोलतोय, राग आला तर येऊ द्या. उन्हाळाभर आपण टिकाव-घमेली घेऊन सीसीटी खोदले, नालाबांध घातला. फोटो टाकले. अन् दिवाळीनंतर काय? रात्रीच्या बोअरच्या गाड्या, पाचशे फूट! भूजल कायद्यानं शेतीसाठी ६० मीटर, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या खाली जायला बंदी आहे. विचारलं तर म्हणे, 'माझं रान, माझं पाणी.' अरे, खालच्या खडकाला सातबारा कळतो का?

हिवरे बाजार दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतं, मग पिकं ठरवतं. शेतीला बोअर नाही म्हणजे नाही. आपल्याकडं विहिरीची पातळीसुद्धा कुणी लिहून ठेवत नाही. (मीपण नाही, कबूल.)

रविवारी टेप घेऊन पाणलोटातल्या प्रत्येक विहिरीवर जाणार. आकडे चावडीवर लावणार. ज्याला अडवायचंय त्यानं अडवावं.