प्लॅन ३०० चा, स्पीड ४० चा!

अमरावती-अकोल्यात आता गल्लोगल्ली फायबर आलं. साईनगर घ्या की रणपिसेनगर, खांबावर काळी वायर लोंबकळतेच. प्लॅन ३०० एमबीपीएसचा, मोबाइलवर मोजलं तर ४०. मग केबलवाल्या भाऊसोबत भांडण. माझं मत विचाराल तर बऱ्याच घरांत दोष वायरीचा नसतो, सोबत ‘फुकट’ मिळालेल्या डब्याचा असतो. आणि डबा कसा आहे ते न सांगता ३०० चे पैसे घेणं, ही सरळसरळ फसवणूक आहे.

सरकारी व्याख्येचाही आधार नाही. २०२३ मध्ये दूरसंचार विभागानं ब्रॉडबँडचा किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केला. म्हणजे ४० मिळत असतील तर कागदोपत्री तुम्ही मजेत आहात बावा!

भांडायच्या आधी एक करा. लॅपटॉप लॅनच्या वायरीनं थेट राउटरला जोडा अन् स्पीड मोजा. २८०-२९० आले तर लाइन ठीक, वाय-फाय कमजोर. ९५ च्या आसपास अडकलं तर कुठंतरी १०० चं पोर्ट नाहीतर जुनी वायर आहे. त्या पोर्टातून ३०० जाणारच नाहीत, कितीही रिस्टार्ट मारा.

नवा घ्यायचा तर ड्युअल बँड आणि सगळे पोर्ट गिगाबिट, एवढं डब्यावर वाचूनच घ्या. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल दूर जातो, पण तिथं शेजारच्या दहा घरांची गर्दी. एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीत दमतो. सहा-आठ अँटेना पाहून भुलू नका. दुकानदार ‘गेमिंगवाला’ दाखवतो, तो आपल्याले कायले पाहिजे?

जागेचं तर विचारूच नका. वायर खिडकीतून येते, म्हणून राउटरही खिडकीतच, आणि त्याच्यासमोर कूलर. कूलर म्हणजे पत्रा अन् पाणी, दोन्ही सिग्नलचे वैरी. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर, तेव्हा टीव्हीमागच्या बंद कपाटात तो डबा भाजून निघतो. घराच्या मध्यात, उंचावर, मोकळा ठेवा. वरच्या मजल्यावर पोरगं पुण्याच्या कंपनीचं काम घरून करत असेल तर रिपीटरवर पैसे घालू नका. लॅनची वायर वर न्या आणि तिथं दुसरा राउटर लावा. स्लॅबमधून सिग्नल ओढण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

माझी मागणी साधी आहे. कनेक्शन देताना पावतीवर लिहा: राउटर सिंगल बँड की ड्युअल, पोर्ट १०० चं की गिगाबिट, डबा विकत की भाड्यानं, अन् डिपॉझिट परत किती. पुढच्या रिचार्जच्या आधी तुम्हीही हे लेखी मागा. काय उत्तर मिळतं ते कमेंटमध्ये टाका, गावाचं अन् भागाचं नाव लिहून.