सड्यावरचा सरडा आणि रांगेबाहेरचा पोरगा

गेली सहा वर्षं मी पाटण तालुक्यातल्या आणि आसपासच्या सड्यांवर शाळेच्या मुलांना फिरवतो. काम हंगामी आहे. एप्रिल-मे महिन्यांत उन्हाळी शिबिरं, ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत फुलं आणि थंडीत शाळांच्या सहली. उरलेले महिने अब्बांच्या शिलाईच्या दुकानात काज-बटण करण्यात जातात. पुण्या-मुंबईच्या पालकांना माझं नाव कळलं की ते म्हणतात, "तुमचं मराठी छान आहे हो!" मी सांगतो, "पाटणचाच आहे." विषय तिथंच संपतो आणि आम्ही चढायला लागतो.

या कामात आनंद आहे, हे आधी सांगतो. सप्टेंबरात जांभ्या दगडाच्या सड्यावर बोटभर मातीत जांभळी 'सीतेची आसवे' उगवतात. या इवल्या फुलाच्या झाडाला किडे खावे लागतात, कारण त्या मातीत त्याला पुरेसं पोषण मिळत नाही. हे सांगितलं की पन्नास मुलांचा गोंगाट क्षणात थांबतो. दवबिंदूच्या पानावर चिकटलेली माशी भिंगातून पाहताना सातवीतल्या मुलीचे डोळे कसे होतात, ते मी पाहिलंय. त्यामुळे हा लेख सहलींच्या विरोधात नाही. सहली कोणासाठी निघतात, एवढाच माझा प्रश्न आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना होता. एका शहरी शिबिराची मुलं घेऊन मी चाळकेवाडीच्या पठारावर होतो. या दिवसांत तिथं पंखाच्या गळ्याचे सरडे दिसतात. नर दगडावर चढून गळ्याखालची घडी पंख्यासारखी उघडतो. निळा, काळा, नारिंगी असे तीन रंग उन्हात झळकतात. मुलं रांगेत उभी होती. रांगेच्या बाहेर शेरडं राखणारा दहा-अकरा वर्षांचा एक पोरगा काठी टेकून आमच्याकडे बघत होता. मी सरडा दाखवला तसा तो म्हणाला, "दादा, त्या पंख्यांखाली लई हायत की. जवळ गेलं तरी पळंनात."

पंखे म्हणजे पवनचक्क्या. आयोजक घड्याळ बघत होते. मी त्या पोराला म्हणालो, "बरं बरं, जरा बाजूला हो, मुलांना दिसत नाही." तो बाजूला झाला.

काही महिन्यांनी पक्ष्यांची माहिती शोधताना याच पठारावर झालेलं एक संशोधन माझ्या वाचनात आलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. शिकारी कमी, म्हणून सरडे जास्त. भीती कमी, म्हणून माणूस जवळ गेला तरी ते उशिरा पळतात. पण गर्दीत प्रत्येकाच्या वाट्याला खाणं कमी येतं, त्यामुळे ते अंगाने हडकुळे आणि नरांच्या गळ्याचे रंगही फिके. जगभर या अभ्यासाची चर्चा झाली, कारण स्वच्छ वीज म्हटली तरी तिचीही किंमत कुणीतरी मोजत असतं, हे त्यातून दिसलं.

'लई हायत' आणि 'पळंनात'. अभ्यासाचे दोन मुख्य निष्कर्ष त्या पोराने मला फुकट सांगितले होते, आणि मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं होतं. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी या सरड्यांच्या नव्या गटाला नाव दिलं, तेही आपल्याच शब्दावरून: 'सरडा'. जगाच्या शास्त्रीय यादीत आमच्या बोलीला जागा मिळाली. पण ती बोली बोलणाऱ्या पोराला माझ्या रांगेत जागा नव्हती.

हे मी इतरांना सांगतो तेव्हा एक उत्तर ठरलेलं असतं. गावच्या पोरांना काय दाखवायचं? ती तर रोज तिथंच असतात. हे उत्तर मला पटत नाही. त्या पोराने पाहिलं होतं, आणि नीट पाहिलं होतं. फक्त त्याला कुणी 'का?' असं विचारलं नव्हतं. सरडे इथंच जास्त का? पळत का नाहीत? मग घारी-शिक्रे कुठं गेले? हे तीन प्रश्न विचारायला दहा मिनिटं पुरली असती. वाटाड्या वाट दाखवतो, मार्गदर्शकाने प्रश्न विचारायला हवा. शहरातल्या मुलांना मी आधी पाहायला शिकवतो, मग प्रश्नापर्यंत नेतो. गावच्या मुलांचं पाहणं आधीच झालेलं असतं, म्हणजे अर्धं काम तयार असतं. उरलेलं अर्धं करायला मात्र कुणी येत नाही.

महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळांत 'परिसर अभ्यास' नावाचा विषय आहे. किती सुंदर नाव! पण तो शिकवला जातो चार भिंतींत. तालुक्यात १९८५ पासून कोयना अभयारण्य आहे. चांदोलीसह त्याचा २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तरी इथली कितीतरी मुलं गवा ओळखतात तो पिकात शिरणारं जनावर म्हणून. जंगल म्हणजे बंदी, वनखातं म्हणजे दंड, एवढीच त्यांची ओळख. अशा मुलांनी मोठेपणी जंगलावर माया करावी, ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची?

आणि इथं निसर्ग कळणं ही हौस नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आमच्या आजी-आजोबांनी भोगलाय. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आला. उताराला नवी भेग पडणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं, झाडं किंवा खांब कलणं या खुणा असतात. त्या दिसल्या की जागा सोडायची आणि गावाला कळवायचं. मुसळधार पावसात खुणांचीही वाट पाहायची नाही. हे शिकण्याची खरी गरज कोणाला आहे? संध्याकाळी बसने पुण्याला परतणाऱ्या मुलाला, की त्याच उताराखाली रात्री झोपणाऱ्या मुलीला?

आणखी एक हिशेब आहे. सहलीला आलेलं मूल छान आठवण घेऊन जातं. पण पुढे सड्याचं काय होईल, ते गावातली मुलं ठरवतील. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवताला काडी लावायची की नाही, रिसॉर्टवाल्याला जमीन द्यायची की नाही, हे निर्णय त्यांच्या हातात येणार आहेत. आपण मात्र सगळं शिक्षण पाहुण्यांना देतो आणि घरच्यांना बाजूला व्हायला सांगतो.

अडचणी खऱ्या आहेत. शिक्षकांवर कामाचा बोजा आहे, परवानग्या लागतात, अपघात झाला तर जबाबदारी कोणाची हा प्रश्न असतोच. पण गावच्या शाळेला बस लागत नाही, हॉटेल लागत नाही. शाळेमागच्या टेकडीवर वीस मुलं, एक शिक्षक, एक मार्गदर्शक आणि दोन तास. सोबत गावातली एखादी आजी असेल तर उत्तमच. भारंगी कधी खुडायची, कुरडूचा कोंब कुठवर कोवळा, हे माझ्यापेक्षा तिला जास्त कळतं. दोन्ही शाळांची मुलं एका रांगेत आली तर त्याहून बरं.

पैशाचं म्हणाल तर आमच्यासारख्यांचे रिकामे महिने आहेतच. काम फुकट करा असं मी म्हणणार नाही. हंगामात राबून उरलेलं वर्ष दुसऱ्या धंद्यावर काढणाऱ्या तरुणांना फुकट सेवेचे धडे देणं बरं नव्हे. पण दर शहरी सहलीच्या शुल्कातून गावच्या शाळेसाठी थोडी रक्कम बाजूला काढता येईल. ज्यांचे पंखे सड्यावर फिरतात त्या कंपन्यांच्या सामाजिक निधीतूनही हे होऊ शकतं. कासला गावोगावच्या समित्या प्रवेश शुल्क घेतात, आणि त्यातून गावच्या लोकांना काम मिळतं. म्हणजे फुलांचा पैसा गावात थांबू शकतो. आता तो गावच्या मुलांच्या शिकण्यापर्यंतही पोचला पाहिजे.

गेल्या दोन उन्हाळ्यांत मी आयोजकांना एक अट घालायला लागलोय. वाटेत गावची मुलं भेटली तर ती आमच्यासोबत चालतील, त्यांचे पैसे मागायचे नाहीत. एकाने नकार दिला, ते काम गेलं. दोघांनी मानलं.

त्या पोराला मात्र मी दोनदा शोधून आलो. धनगरवाड्यावर विचारलं, खालच्या वस्तीवर विचारलं. "नाव काय त्याचं?" असं लोक विचारत होते. ते मी त्या दिवशी विचारलंच नव्हतं.