बंद खोलीची किल्ली शोधा

पुणेकर शेजाऱ्यांनो,

गेल्या आठवड्यात संध्याकाळी भाजी घेऊन घरी येत होते. आमच्या बोळाच्या तोंडाशी एक बाई आणि तिची मुलगी इमारतींवरच्या पाट्या वाचत उभ्या होत्या. मुलीनं प्लास्टिकची फाइल छातीशी धरली होती. परंड्याहून पहाटेच्या एसटीनं आलेल्या. मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता आणि सकाळपासून अकरा ठिकाणी खोली विचारून झाली होती. आई मला म्हणाली, "फी माफ झालीया काकू. राहायचं तेवढंच बघायचंय."

ते 'तेवढंच' काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून हे आवाहन.

८ जुलै २०२४ रोजी राज्य सरकारनं निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या ज्या मुलींच्या घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी ते निम्मंच माफ होतं. निर्णय चांगला आहे, त्यात वाद नाही. बारावी झाली की स्थळं बघायची, असं ठरवून बसलेल्या कितीतरी बापांनी त्या एका कागदामुळे मुलीचा अर्ज भरला असेल. पण मुलगी शिकायला शहरात आली की रात्री तिनं पाठ कुठे टेकायची, हे त्या कागदात नाही. वसतिगृहाची यादी लागते आणि दोन मिनिटांत वाचून संपते. खाली प्रतीक्षा यादी असते, ती मात्र पुढच्या पानावर चालूच राहते.

अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलामुलींना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर २०१६-१७ पासून त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. पुण्यामुंबईसारख्या शहरांसाठी तीत वर्षाला ६०,००० रुपये धरले आणि त्यातले राहण्याचे २०,०००. भागाकार करून बघा. महिन्याला १,६६६ रुपये येतात. एवढ्यात सदाशिव पेठेत कॉट सोडाच, सायकल लावायला कोणी जागा देणार नाही. शिवाय ते पैसे हातात पडेपर्यंत घरमालक थांबत नाही.

मग ही मुलं राहतात कुठे? 'कॉट बेसिस'वर. हे दोन शब्द आपल्या गल्लीतल्या विजेच्या खांबावर चिकटवलेले असतात आणि आपण ते न वाचता पुढे जातो. एकदा आत जाऊन बघा, मी बघितलंय. प्लायवूडचं पार्टिशन घालून हॉलच्या दोन खोल्या केलेल्या, त्यांत सहा कॉट, आणि प्रत्येकीचा संसार कॉटखालच्या बॅगेत. सगळ्यांत मिळून एक बाथरूम. तिच्या दाराची कडी निसटती, खिडकी साठवणीच्या सामानानं बुजलेली आणि आत गॅस गीझर. हवा खेळत नसलेल्या न्हाणीघरात गॅस गीझर म्हणजे मृत्यूला आमंत्रण. त्याच्या विषारी वायूला वाससुद्धा नसतो. घरमालक राहतो दुसऱ्याच उपनगरात. डिपॉझिटची पावती नाही, करार नाही, तक्रार केली तर 'उद्या खाली कर.' कोणी मोबाइलवर फोटो बघून टोकन भरतं आणि पत्त्यावर पोचल्यावर कळतं, तशी खोली तिथे कधी नव्हतीच. अशा जागांकडे कोणी बघत नाही, तेव्हा काय होतं? जुलै २०२४ मध्ये दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात तळघरातल्या अभ्यासिकेत पावसाचं पाणी शिरलं आणि तीन विद्यार्थी बुडून गेले. तळघरात अभ्यासिका चालते हे आजूबाजूला कोणाला ठाऊक नव्हतं, असं थोडंच आहे?

आता जरा आपल्या घरांत डोकावू. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर, आमच्या पेठा. तीन खोल्यांचं घर, माणसं दोन. कधी कधी एकच, माझ्यासारखं. एक खोली बंद. आत मुलाची क्रिकेटची बॅट, ड्रॉइंग बोर्ड, दहावीच्या सत्काराचा फोटो. महिन्यातून एकदा झाडू मारायला उघडायची, तेव्हा कामाच्या बाई कुरकुरतात आणि त्यांचं बरोबरच असतं. 'मुलं येतात ना, त्यांना लागते.' मुलं येतात दोन वर्षांतून एकदा, डिसेंबरात, तीन आठवडे. उरलेला सगळा काळ ती खोली धुळीला दिलेली असते, आणि धूळ भाडंही देत नाही.

माझं मागणं एवढंच आहे की त्या खोलीची किल्ली शोधा आणि परगावच्या एका मुलीला, नाहीतर मुलाला, एका शैक्षणिक वर्षासाठी ती खोली द्या. तुम्ही घरात असताना, तुमच्या घरातच.

पहिला आक्षेप मला पाठ आहे: 'खोली बळकावली तर?' ही भीती आपल्या आईवडिलांच्या काळातली आहे. वाड्यातला भाडेकरू पंधरा रुपये भाड्यावर दोन पिढ्या राहिला, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. पण तो जुना भाडे कायदा गेला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात पेइंग गेस्टची व्याख्याच दिली आहे: मालक स्वतः राहतो त्याच जागेतला काही भाग वापरायला दिलेला, कुटुंबाबाहेरचा माणूस. तो भाडेकरू नव्हे. त्याच कायद्यानं त्याच्याशी करायचा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदलेला हवा आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदलेल्या कराराची मुदत संपूनही जो जागा सोडत नाही, त्याला दुप्पट दरानं पैसे मोजावे लागतात. नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते, आणि राहायला येणाऱ्याची माहिती पोलिसांकडेही ऑनलाइन देता येते. हे दोन्ही मी केलंय, सत्तरीत, चष्मा लावून.

दुसरा आक्षेप: 'बाहेरची पोरं, कशी निघतील कोण जाणे.' जून २०२३ मध्ये आपल्या सदाशिव पेठेत, भर दिवसा, एका तरुणीच्या मागे एक माथेफिरू कोयता घेऊन धावला. त्याला अडवून तिचा जीव कोणी वाचवला? स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्यात आलेल्या पोरांनी. रस्त्यावर तेव्हा पुणेकर नव्हते असं नाही.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही. तो फक्त एका प्रश्नात असतो: 'आडनाव काय?' याबद्दल मला दुसऱ्यांना उपदेश करायचा अधिकार नाही, कारण पहिली मुलगी खोली विचारायला आली तेव्हा मीही हेच विचारलं. तिनं सांगितलं. मी म्हटलं, "घरी विचारून कळवते हं." घरात मी एकटीच होते. तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेली बाई मी. ती "बरं काकू" म्हणाली आणि जिना उतरून गेली. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी तिला बोलवावं असं मनात आलं, तर कळवायला नंबरच घेतलेला नव्हता.

आपल्या शहरात पूर्वी गरीब मुलगा सात घरी वार लावून जेवायचा आणि शिकायचा. त्या गोष्टी आपण फार प्रेमानं सांगतो. ज्यानं ते वार खाल्ले तो इतक्या प्रेमानं सांगत नाही. आणि ते वारसुद्धा मिळायचे ते ठरावीक जातीच्या मुलांना. बाकीच्यांनी काय करायचं? त्या प्रश्नातूनच शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं काढली. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसवली आणि त्या मुलांच्या जेवणापायी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्रसुद्धा गेलं. आपल्याकडे कोणी मंगळसूत्र मागत नाही. रिकामी खोली मागतोय, तीही भाडं देऊन.

भाडं घ्याच. फुकट ठेवू नका. फुकट राहणाऱ्या मुलीला रोज उपकाराखाली वावरावं लागतं, आणि मनाविरुद्ध काही झालं तर तोंड उघडता येत नाही. फक्त बाजारभाव लावू नका. मी महिन्याला अडीच हजार आणि विजेच्या बिलाचा वाटा घेते. डिपॉझिट एका महिन्याचं, पावती देऊन. आणि 'सोबत' म्हणून ठेवायची नि दळण, औषधं, बँक तिच्या गळ्यात घालायची, असंही नको. माझ्याकडे सध्या गंगाखेडची मुलगी आहे. मोबाइलवरून पैसे पाठवायला तिनंच मला शिकवलं, पण ते तिच्या मर्जीनं. माझ्या आमटीत गूळ असतो म्हणून ती तोंड वाकडं करते आणि वर घरून आणलेला येसर मसाला कालवते. परवा मीही कालवून बघितला. डोळ्यांत पाणी आलं, पण आमटी बरी लागली.

सुरक्षिततेबद्दल मात्र नीट बोलायला हवं. सुरक्षित म्हटलं की आपल्या डोक्यात 'रात्री नऊला दार बंद' एवढंच येतं. नऊनंतर अभ्यासिका चालू असते, बस उशिरा मिळते, प्रॅक्टिकल लांबतं. अशा वेळी दार बंद ठेवून आपण त्या मुलीला रस्त्यावर ठेवतो. तिला लॅचची किल्ली द्या आणि उशीर होणार असेल तर निरोप टाकायला सांगा. तिच्या खोलीला आणि न्हाणीघराला आतून घट्ट बसणारी कडी असू द्या. गॅस गीझर असेल तर तो न्हाणीघराबाहेर, उघड्या हवेत बसवून घ्या. खिडकीची जाळी आतून उघडणारी हवी आणि तिची किल्ली कुठे असते ते मुलीला ठाऊक हवं. ती बाहेर गेल्यावर खोलीत जाऊ नका. घरात कॅमेरा असेल तर कुठे आहे ते आधीच सांगा. तिच्या खोलीत किंवा दारावर रोखलेला तो कधीच नको. घरात कोण कोण राहतं, कोण येतं-जातं, हे तिच्या आईवडिलांना प्रामाणिकपणे सांगा. आठवडाभर पुतण्या राहायला येणार असेल तर तिला आधी कळवा. तिला अवघड वाटलं तर पुतण्याची सोय दुसरीकडे करा. मूळ गुणपत्रिका, आधार कार्ड अडकवून ठेवणं तर सरळ दादागिरी आहे. अकरावी-बारावीची मुलं अठराच्या आतली असतात, त्यांच्याशी करार होत नाही. तो आईवडिलांशी करायचा. आणि फ्रिजवर ११२ आणि महिलांसाठी १८१ हे नंबर लावून ठेवा, तुमच्यासाठीही.

पालकांनो, तुम्हीही एक करा. पोरीला सोडायला आलात की दारातूनच परत फिरू नका. घरात येऊन बसा, चहा घ्या, न्हाणीघर बघा, कडी स्वतः लावून बघा. घरमालकाला वाईट वाटेल ही भीड धरू नका. ज्याला वाईट वाटेल त्याच्याकडे मुलीला ठेवू नका.

सोसायट्यांच्या चेअरमन-सेक्रेटरींना हात जोडून विनंती: 'बॅचलर्सना परवानगी नाही' ही पाटी काढा. मी आमच्या सोसायटीचे उपविधी चाळले, तसं त्यांत कुठे लिहिलेलं सापडलं नाही. आणि एकदा नोटीस बोर्डावर हेही लावा की कोणत्या घरात खोली रिकामी आहे.

ज्यांना खोली द्यायची आहे त्यांनी दलालाकडे जायची गरज नाही. जवळच्या कॉलेजात विद्यार्थी विकास अधिकारी असतात, त्यांना भेटा. मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाईंकडे प्रतीक्षा यादी असते. घराचा पत्ता, घरात कोण राहतं, भाडं किती, एवढं एका कागदावर लिहून त्यांच्याकडे द्या. मुलीला आणि तिच्या घरच्यांना आधी येऊन घर बघू द्या. पहिला महिना दोघांनीही पारखून घ्यायचा, असं करारातच लिहा. नाही जमलं तर भांडण न करता सुटता येतं. माझ्याकडे एकीशी जमलं नव्हतं. तिला सकाळी पाचला मोठ्यानं वाचायची सवय आणि मला पाचलाच जेमतेम झोप लागते. ती आता समोरच्या इमारतीत राहते आणि दिवाळीत फराळाला येते.

हे पुढच्या महिन्यावर टाकू नका. महाविद्यालयं सुरू होताहेत. ज्यांना खोली मिळणार नाही त्या मुली परत जातील, आणि परत गेलेली मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

त्या संध्याकाळी परंड्याच्या त्या दोघींना मी वर घेऊन आले. माझ्या घरात आता दुसरी खोली उरलेली नाही, म्हणून हॉलमधला दिवाण खिडकीशी सरकवून पडदा लावून दिलाय. ही सोय महिनाभराची. त्या मुलीच्याच वर्गात प्रवेश मिळालेल्या आणखी तिघी आहेत: एक अहमदपूरची, एक मंठ्याची, एक साक्रीची. चौघींसाठी खोल्या हव्या आहेत.