गप्प पोर हट्टी नसतं

मैत्रिणींनो, यावलच्या केळीच्या मळ्यांत खरगोन, बडवानीकडून पावरा, बारेला कुटुंबं मजुरीला येतात. त्यांची लेकरं आपल्या मराठी शाळांत बसतात. घरात बारेली, वर्गात मराठी. प्रश्न कळत नाही म्हणून पोर गप्प राहतं. गुरुजींना ते हट्टी वाटतं आणि हात उठतो. त्यात वर्ग भरलेला, पोर वर्षाच्या मध्येच आलेलं, अभ्यासक्रम संपवायची घाई.

पण मला दुसरं कारण जास्त बोचतं. आपल्या लेकराला मारलं तर आपण लगेच शाळा गाठतो. मजूर आईला त्यासाठी दिवसाची रोजी बुडवावी लागते. जाब विचारायला कुणी येणार नाही, हे ठाऊक असलं की हात सैल सुटतो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मारालाही बंदी करतं आणि मानसिक छळालाही. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला हव्यात, हेही याच कायद्यात आहे. मग आपण तिथे नुसती सही करून का उठायचं? पुढच्या बैठकीत एवढं तरी विचारा : बारेली बोलणारी एखादी शिकलेली मुलगी वर्गात मदतीला घेता येईल का?