पाणपोई चालू ठेवा

पाणपोई कुणी मुद्दाम मोडत नाही. टाकी धुवायची राहते, तोटी गळू लागते, साखळीला बांधलेला पेला हरवतो. मग एसटी स्टँडवरचा माणूस तिच्याकडे पाठ फिरवून शेजारच्या टपरीवर 18-20 रुपये मोजतो. ज्याच्याकडे तेवढे नसतात तो तहान मारून गाडीत बसतो. हे मला सहन होत नाही, म्हणून कळकळीने सांगतो: तुमच्या गावची, तुमच्या पेठेतली पाणपोई या उन्हाळ्याआधी चालू करा.

बाटलीतलं पाणी निदान निर्धोक असतं, हा भरवसाही आता डळमळला आहे. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना 2024 मध्ये बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी 2 लाख 40 हजारांच्या आसपास प्लास्टिकचे कण सापडले. त्यातले बहुतेक नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म.

‘वनस्पतीपासून बनवलेली’ बाटली आली की प्रश्न मिटेल, असं आता सांगितलं जातं. मिटणार नाही. कोका-कोलाने 2009 मध्ये आणलेल्या बाटलीत 30 टक्क्यांपर्यंत घटक उसासारख्या पिकातून घेतलेला होता, पण तयार झालं ते नेहमीचंच पेट प्लास्टिक. ओढ्यात फेकलं तर ते तितकीच वर्षं पडून राहणार. दुसरा प्रकार पीएलए, मका किंवा उसाच्या साखरेपासून केलेला. तो कुजतो, पण साठ अंशांच्या आसपासची उष्णता टिकवणाऱ्या खतप्रकल्पात. आपल्या गावच्या उकिरड्यावर ती उष्णता कुठून येणार? भंगारात पेटच्या बाटल्यांत मिसळला, तर पुनर्वापराचा तो मालही बिघडवतो. शिवाय ऊस काय, मका काय, दोन्हींना जमीन आणि पाणी लागतंच. पळसाच्या पानांची पत्रावळ खरोखर मातीत जाते. तिच्या पुण्याईवर या बाटल्यांनी हिरवं लेबल मिरवू नये.

सिक्कीममधल्या लाचेनने 2012 मध्ये गावात बाटलीबंद पाण्यावर बंदी घातली. पर्यटकांवर पोट असलेल्या डोंगरी गावाला जे जमलं, ते आपल्याला का जमू नये?

पाण्याची खात्री पटली की लोक पाणपोईकडे वळतील. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला गाठा. टाकी धुऊन घ्या, पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल पावडर बेताने पडते ना ते बघा, पाण्यातलं क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट सर्वांसमोर करायला लावा आणि टाकी धुतल्याची तारीख फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. लग्नमांडवात 200 मिलीच्या बाटल्यांचे खोके नकोत; पिंप आणि स्टीलचे पेले ठेवा, धुवायला दोन माणसं लावा. अक्षय्य तृतीयेला उदककुंभाचं दान करणाऱ्या घरांनी यंदा ते दान स्टँडवरच्या रांजणाला द्यावं. मुंबईकरांनो, भात बाजारातली केशवजी नायकांची 1876 ची प्याऊ एकदा बघून या आणि मग आपल्या वॉर्डातल्या कोरड्या प्याऊसाठी नगरसेवकाचं दार ठोठावा.

अर्जाला उत्तर येईपर्यंत थांबू नका. चौघं मिळून दोन रांजण आणा, वाळू पसरा, ओलं फडकं गुंडाळा आणि लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. रोज सकाळी पाणी कोण भरणार, त्यांची नावं आजच लिहून काढा.