व्हीगन व्हायचंय? आधी मुलांच्या ताटाचा विचार करा

"आम्ही घरात दूध बंद केलंय, मुलांचंही केलं तर चालेल का?" असं काही पालक हल्ली विचारतात. माझं मत असं : चालेल, पण दुधाऐवजी काय देणार हे आधी ठरवा.

शाकाहारात दूध, दही, तूप चालतं. व्हीगन आहारात हे सगळं आणि मधही वर्ज्य. तरी महागडं बदामाचं दूध आणायलाच हवं असं नाही. आपलं पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी मुळातच व्हीगन आहे. प्रथिनांसाठी डाळी, सोयाबीन आहेत. कॅल्शियमसाठी तीळ आणि नाचणी. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 340 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात साधारण 120.

खरी अडचण बी-12 जीवनसत्त्वाची. ते वनस्पतींपासून मिळणाऱ्या अन्नातून पुरेसं मिळत नाही. मोड आलेली कडधान्यं किंवा इडलीचं आंबवलेलं पीठ ही उणीव भरून काढत नाही. बी-12 कमी पडलं की रक्त आणि मज्जासंस्था दोन्हींवर परिणाम होतो. म्हणून बालरोगतज्ज्ञांना विचारून त्याची सोय केल्याशिवाय वाढत्या मुलाचं दूध बंद करू नये. मोठ्यांनीही हे जीवनसत्त्व वेगळं घ्यावंच लागतं.

शिक्षकमित्रांनो, प्राण्यांविषयीची दया जरूर शिकवूया. पण डब्यात दहीभात किंवा अंडं आणणाऱ्या मुलाला वर्गात ओशाळं वाटता कामा नये. कोणाच्या घरी काय शिजतं, हे मूल ठरवत नसतं.