मनगटावरचा हिशेबनीस

बँकेतली माझी उमेदवारीची वर्षे जाड लेजरांच्या काळात गेली. दिवसाअखेर बाकी जुळली नाही तर घरी जायचे नाही, असा शिरस्ता होता. फरक पाच पैशांचा का असेना, तो शोधायचाच. कारण त्यामागे हजारांच्या दोन चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असू शकतात, असे आमचे अकाउंटंट बजावीत. ही खोड निवृत्तीनंतरही गेली नाही. त्यामुळे मुलीने घड्याळ आणून दिले आणि ‘बाबा, हे तुमच्या हृदयाचे ठोकेसुद्धा मोजतं’ असे सांगितले, तेव्हा मी मनातून सुखावलो. आता छातीतल्या व्यवहारांचीही रोजकीर्द लिहिली जाणार होती!

तिसऱ्याच आठवड्यात घड्याळाने इशारा दिला: ठोके अनियमित आढळले. ती रात्र मी त्या काचेकडे टक लावून काढली. सकाळी पत्नीला सोबत घेऊन हृदयरोगतज्ज्ञ गाठले. ईसीजी निघाला, मग चोवीस तासांचा होल्टर झाला. निष्कर्ष असा, की अधूनमधून एखादा ठोका वेळेआधी पडतो. घाबरण्याजोगे काही नाही.

मग घड्याळ खोटे बोलले का? नाही. ते त्वचेखाली हिरवा प्रकाश सोडते आणि परतणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारावरून दोन ठोक्यांमधले अंतर मोजते. काही घड्याळांच्या कडेला दुसऱ्या हाताचे बोट टेकवले, तर तीस सेकंदांचा एकपदरी ईसीजीही निघतो. आइंथोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ईसीजी यंत्र घडवले, तेव्हा रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. नॉर्मन होल्टर यांचे पाठीवर वाहायचे पहिले यंत्र सुमारे ३८ किलोंचे होते. तेथून मनगटापर्यंतची ही मजल थोर आहे, यात शंका नाही.

आणि ज्या रोगाचा माग ते काढते, तो क्षुल्लक नव्हे. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी थरथरत राहतात. तेथे रक्त साकळते, गुठळी मेंदूत जाते आणि पक्षाघात होतो. हा धोका सुमारे पाचपट वाढतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाने तो बराच खाली येतो. परंतु अनेकांना काहीच जाणवत नाही. माझ्या एका सहकाऱ्याला हा विकार असल्याचे कळले, ते त्याची वाचा गेल्यावर.

तरीही इशारा म्हणजे निदान नव्हे. सही जुळत नाही म्हणून कारकून चेक बाजूला काढतो. तो बनावट आहे की नाही, हे अधिकारी ठरवतो. ॲपलच्या घड्याळावरचा, चार लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. इशारा मिळालेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावली, त्यांतल्या ३४ टक्क्यांत हा विकार त्या वेळी सापडला. तो येतोजातो, म्हणून बाकीचे सारे इशारे फोल होते असेही म्हणता येत नाही. दुसरीकडे, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या चाचणीत सत्तरीपुढच्या, धोका असलेल्या लोकांच्या त्वचेखाली नोंदयंत्र बसवले होते. विकार जवळजवळ तिप्पट सापडला, औषधेही सुरू झाली. पण पक्षाघात निश्चितपणे कमी झाले, असे सिद्ध झाले नाही. नोंदी वाढल्या म्हणजे नफा वाढतोच असे नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे. माझा अहवाल ऐकून आम्ही उठत होतो. पत्नी माझी फाईल मांडीवर घेऊन बसली होती. डॉक्टरांनी सहज विचारले, ‘वहिनी, तुमचं कसं काय?’ ‘मला काय होतंय? जिना चढताना थोडा दम लागतो, एवढंच.’ तिला बारा वर्षे रक्तदाब आहे, सात वर्षे मधुमेह. डॉक्टरांनी तिच्या मनगटावर दोन बोटे ठेवली, मिनिटभर गप्प राहिले आणि म्हणाले, ‘यांचा ईसीजी काढू या.’ कागदावर जे उमटले, ते एट्रियल फिब्रिलेशन होते.

तो दम घरात आम्ही सर्वांनी वयाच्या खाती टाकला होता. घड्याळ आणताना मुलीला वडील आठवले. मलाही ते आईला द्यावे असे सुचले नाही. वास्तविक धोका तिलाच अधिक होता.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: घड्याळ जरूर घ्या, परंतु ते कुणाच्या हाती बांधायचे याचा आधी विचार करा. इशारा आला तर रात्र जागू नका, डॉक्टर गाठा. मात्र छातीत दुखत असेल, तर घड्याळाकडे पाहतही बसू नका. हृदयविकाराचा झटका त्याला ओळखता येत नाही. आणि पासष्टीपुढच्या प्रत्येकाची नाडी दर भेटीत बोटांनी पाहिली जावी, असा आग्रह दवाखान्यात धरा. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही हे आहे, आणि त्याला दमडी लागत नाही.

पत्नीची गोळी आता नियमाने चालू आहे. घड्याळही तिच्याच हातात आहे. बाकी जुळते की नाही, ते यंत्र सांगेल. कुणाचे लेजर उघडायचेच राहून गेले, हे मात्र घरातल्या माणसांनीच पाहायला हवे.